व्हील आणि चाक: एका इंग्रजी शब्दाचा जुन्या जर्मानिक भाषांतून माग

शब्दवेल्हाळ

'व्हील म्हणजे चक्र, व्हॅन म्हणजे वाहन, डे म्हणजे दिवस' अशी यादी दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते. तिन्ही जोड्या कानाला सारख्याच पटतात. त्यातली पहिली खरी, बाकी दोन खोट्या. हे ओळखायचं कसं, ते 'व्हील' हा एकच शब्द धरून मांडतो. पद्धत कळली की बाकीचे शब्द ज्याचे त्याने तपासावेत.

आधी एक सूचना. सगळी रूपं देवनागरीत लिहिली आहेत, तेव्हा उच्चार जवळपासचे समजा. ज्या रूपाआधी * आहे ते कुठल्याही शिलालेखात वा पोथीत सापडलेलं नाही. बहिणींचे तोंडवळे पाहून आईचा चेहरा ताडावा, तसं ते बांधलेलं आहे. 'ह्व' म्हणजे ह आणि व एका झटक्यात.

सुरुवात संस्कृतपासून किंवा लॅटिनपासून करायची नाही. बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. आधी इंग्रजीतच मागे जायचं. साधारण ११०० ते १५०० या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्य इंग्रजी कोश आहे, त्याआधीच्या जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा. दोन्ही जालावर फुकट बघता येतात. शोधताना आजचं स्पेलिंग टाकलंत तर हाती काही लागणार नाही. जुन्या इंग्रजीत एच आधी आणि डब्ल्यू नंतर यायचा. नॉर्मन वळणाच्या लेखनिकांनी पुढे तो क्रम उलटा केला.

तिथे एक रूप मिळत नाही, चार मिळतात: ह्वेओल, ह्वेओगोल, ह्वेओवोल, ह्वेओह्ल. नवखा माणूस पहिलं उचलतो आणि बाकीची 'स्पेलिंगचा घोळ' म्हणून सोडून देतो. तसं करू नका, चारही वहीत उतरवा. मधला तो ग, व आणि ह पुढे सगळ्यात जास्त बोलणार आहे. (हा ग घशातला, उर्दूतल्या ग़ैनसारखा.)

ह्वेओलपासून आजपर्यंतची वाट सरळ आहे. दीर्घ 'एओ' मध्य इंग्रजीत आकसून दीर्घ 'ए' झाला, म्हणजे 'ह्वेल'. पंधराव्या शतकापासून इंग्रजीचे दीर्घ स्वर वर सरकले, तेव्हा ए चा ई झाला. फेट चं फीट, ग्रेन चं ग्रीन झालं, तसंच ह्वेल चं ह्वील. मग दक्षिण इंग्लंडात ह गळाला. स्कॉटलंड-आयर्लंडात अजून बरेच लोक ह्वील म्हणतात. मराठीत आपण 'व्हील' लिहितो त्यातला ह पाहून 'बघा, आपण जपला' असं कुणी म्हणू नये. आपण व्हॅनलाही व्ह लावतो.

आता बहिणी. जर्मानिक कुळाच्या तीन शाखा: पश्चिम (इंग्रजी, फ्रिजियन, डच, जर्मन), उत्तर (नॉर्स आणि तिच्या लेकी) आणि पूर्व (गॉथिक). शब्द निदान दोन शाखांत हवा आणि तो एकीने दुसरीकडून उसना घेतलेला नसावा, तरच तो मूळ जर्मानिक मानायचा. जुन्या फ्रिजियनमध्ये ह्वेल, डचमध्ये वील. जुन्या नॉर्समध्ये दोन रूपं, ह्योल आणि ह्वेल. आजच्या स्वीडिश-डॅनिशमध्ये स्पेलिंगात ह आहे पण उच्चार 'यूल'. दोन शाखा झाल्या.

गॉथिकमध्ये हा शब्द मिळत नाही, पण त्यावरून 'गॉथांना चाक ठाऊक नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका. गॉथिक म्हणून आपल्याकडे जे आहे ते मुख्यतः चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या बायबल-भाषांतराचे उरलेले तुकडे. जो शब्द त्या पानांत आला नाही, तो आपल्यापर्यंत पोचला नाही, इतकंच.

जर्मनचं मौन मात्र वेगळं आहे. तिथे चाकाला 'राड' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'रोटा', लिथुएनियन 'रातास' आणि आपला 'रथ' यांच्या घरातला. जर्मनांनी चाकाला रथाचा शब्द ठेवला, इंग्रजांनी चक्राचा. डचांकडे दोन्ही आहेत, राड आणि वील.

आता कुळाबाहेर पडायचं, ते ग्रिमच्या नियमाचं बोट धरून. डेन्मार्कच्या रास्कने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जे मांडलं त्याचा मथितार्थ असा: मूळ (म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक या सगळ्यांच्या आईच्या, इंडो-युरोपीय भाषेतले) प, त, क, क्व हे जर्मानिकमध्ये फ, थ (थिन मधला), ह, ह्व झाले. ब, द, ग चे प, ट, क झाले. भ, ध, घ चे ब, ड, ग झाले. पाद–फुट, त्रि–थ्री, द्वि–टू, दश–टेन, भ्रातृ–ब्रदर. आणि आपल्या कामाचं, क–हू. आपले 'कोण, काय, केव्हा' आणि इंग्रजीचे 'हू, व्हॉट, व्हेन' एकाच *क्व पासून निघालेत. अपवाद लक्षात ठेवा: आधी स असेल तर बदल होत नाही. म्हणून स्था–स्टँड, तिथे मूळ त चा थ झाला नाही.

व्हीलमधला ह्व उलटा फिरवला की *क्व मिळतो, मधला ह किंवा ग उलटा फिरवला की पुन्हा *क्व. म्हणजे मूळ रूप *क्वेक्वलोस. ग्रीक किक्लोस (ज्यावरून इंग्रजी सायकल), अवेस्ती चख्र, संस्कृत चक्र ही सगळी त्याचीच पोरं.

आता खोट्या जोड्या. 'डे' आणि दिवस: संस्कृत द समोर इंग्रजीत ट हवा. डे मध्ये ड आहे, म्हणजे त्याचा मूळ ध. जमत नाही. दिव्, द्यौ यांचा खरा इंग्रजी भाऊ ट्यूजडेच्या 'ट्यूज' मध्ये लपलाय, तो टीव नावाचा जुना देव. 'व्हॅन' तर कॅरॅव्हॅनचं शेपूट आहे आणि कॅरॅव्हॅन म्हणजे फारसी कारवान. वाहनाची खरी भावंडं वॅगन, वे आणि वेट. मूळ *वेघ् चा संस्कृतात वह् झाला, जर्मानिकमध्ये वेग्. 'वे' मधला ग इंग्रजीत य होऊन विरघळला. वॅगनमधला टिकला, कारण तो शब्द इंग्रजीने नंतर डचांकडून उचलला. घरचा शब्द 'वेन' होता, तो आता फक्त कवितेत भेटतो.


नुसताच_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). तीन शंका आहेत.

एक, व्हील आणि किक्लोसमध्ये ल, चक्रात र. हे कसं? दोन, दोन्ही ठिकाणी मूळ क्व असेल तर संस्कृतात पहिला च आणि दुसरा क का? 'चच्र' नाहीतर 'कक्र' व्हायला हवं होतं. तीन, हा सगळा खटाटोप न करता चक्र हा शब्दच तिकडे गेला असं म्हटलं तर बिघडलं कुठे?


पाणिनीचा_शेजारी

दुसरी शंका सगळ्यात भारी आहे. तिच्या उत्तरातच तिसरीचं उत्तर आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

शाळेत 'कृ' धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप पाठ केलंय ना, चकार. धातू क चा, द्वित्व केल्यावर पहिला मात्र च. गम् चं जगाम, तिथेही ग चा ज. पाणिनीने यासाठी सूत्र दिलंय, कुहोश्चुः (७.४.६२). अभ्यासात, म्हणजे द्वित्वाच्या पहिल्या तुकड्यात, कवर्ग आणि ह यांच्या जागी चवर्ग येतो. काय होतं ते त्याने सांगितलं. का होतं ते एकोणिसाव्या शतकात, १८७० च्या दशकात, बऱ्याच जणांना जवळजवळ एकाच वेळी उमगलं.

कारण असं. मूळ भाषेत अ, ए, ओ हे तीन वेगळे ह्रस्व स्वर होते. संस्कृतात (आणि इराणी भाषांतही) तिन्हींचा अ झाला. पण तसं होण्याआधी ए ने आपलं काम करून ठेवलं होतं. ए हा जिभेच्या पुढच्या भागाचा स्वर, त्याने आधीच्या क ला पुढे ओढून च केलं. मग ए चा अ झाला आणि पुरावा पुसला गेला, पण च उरला. *क्वेक्वलोस मध्ये पहिल्या क्व पुढे ए आहे, म्हणून च. दुसऱ्या क्व पुढे थेट ल, म्हणून क. 'च' आणि 'कः' पाहा: लॅटिनमध्ये 'आणि' म्हणजे 'क्वे', तिथे ए, म्हणून संस्कृत च. 'कोण' च्या मुळाशी *क्वो, तिथे ओ, म्हणून कः.

आता तिसरी शंका. चक्र हा शब्द संस्कृतातून उचलला असता तर उचलणाऱ्याला च ऐकू आला असता आणि अ ऐकू आला असता. च मागे जाऊन क्व होत नाही. व्हीलमध्ये ह्व आहे, म्हणजे मूळ क्व शाबूत होता तेव्हा ही शाखा वेगळी झालेली होती. स्वरही पाहा, ह्वेओगोल मध्ये तो ए अजून दिसतो. तोखारी ही पार चीनच्या शिनज्यांगमध्ये सापडलेली भाषा, तिच्यात गाडीला कुकल आणि कोकले म्हणतात. तिथेही च नाही.

म्हणून 'व्हील चक्रावरून आला' म्हणायचं नाही. दोघे भाऊ आहेत, बापलेक नाहीत.

र आणि ल: वैदिक भाषेत मूळ ल चा बहुतेक ठिकाणी र झाला. लॅटिन 'लुक्स', इंग्रजी 'लाइट', संस्कृत 'रुच्, रोचते'. लॅटिन 'लिंक्विट' म्हणजे सोडतो, संस्कृत 'रिच्', त्याचं रिक्त. इंग्रजी 'लोन' याच घरचा. चक्राचा धातू *क्वेल्, फिरणे. संस्कृतात तो चर् झाला. आपली गाय चरते आणि गाडीचं चाक फिरतं, ती एकाच धातूवर. द्वित्व का, तर फिर-फिर फिरतं म्हणून. आपण गरगर, भिरभिर म्हणतो तीच सवय.


खडीसाखर

दंडवत! कुहोश्चुः चा असा उपयोग वर्गात कधी कुणी सांगितला नाही.

मराठीपुरती भर: चक्र–चक्क–चाक. जोडाक्षर आधी सारखं झालं, मग एक क गेला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, तसंच. आणि आपला चरखा, सुताचा असो वा उसाचा, फारसी 'चर्ख' वरून आला. तो जुन्या इराणी *चख्र चा वंशज (म्हणजे अवेस्ती चख्रचा भाऊबंद), र आणि ख ची अदलाबदल होऊन. म्हणजे मराठीत एकच शब्द चार दारांनी आलाय: चाक घरचं, चक्र पोथीतलं, चरखा इराणमार्गे आणि सायकल ग्रीस-इंग्लंडमार्गे.


उत्तररात्र

धाग्यात अर्धा माल अजून गोदामात आहे. ह्वेओगोलमधला ग.

शब्दवेल्हाळ, तुम्ही 'ह किंवा ग उलटा फिरवला की क्व' असं एका ओळीत उरकलंत. ग्रिमच्या नियमाने मूळ क्व चा ह्व व्हायला हवा, ग नव्हे. ह्वेओह्ल मधला ह नियमात बसतो. ग आणि व बसत नाहीत. अशा अपवादांनी पन्नास वर्षं लोकांना छळलं. कोडं सोडवलं डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरने, १८७५ साली लिहिलेल्या निबंधात, आणि किल्ली त्याला सापडली वैदिक स्वरांत.

नियम असा: ग्रिमच्या बदलाने तयार झालेले फ, थ, ह, ह्व आणि जुना स हे शब्दाच्या सुरुवातीला नसतील, आणि त्यांच्या लगेच आधीच्या अक्षरावर मूळ आघात नसेल, तर ते घोष होतात (म्हणजे कंठ थरथरवून काढले जातात, त चा द व्हावा तसे). जर्मानिकने नंतर आघात कायमचा पहिल्या अक्षरावर नेला, त्यामुळे कारण पुसलं गेलं आणि परिणाम उरला. मूळ आघात कुठे होता ते मुख्यतः दोघी सांगतात, वैदिक आणि ग्रीक.

ऋग्वेदाच्या छापील संहितेत हे डोळ्यांनी दिसतं. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित, आणि ज्याला काहीच खूण नाही ते उदात्त, म्हणजे आघाताचं, असू शकतं. (नेहमी असतंच असं नाही. स्वरितानंतरची अक्षरंही खुणेविना जातात, म्हणून पदपाठ, म्हणजे शब्द सुटे करून दिलेला पाठ, शेजारी ठेवा.)

पि॒ता: आघात शेवटी, म्हणजे त च्या नंतर. गॉथिक 'फादर', जुन्या इंग्रजीत 'फॅडर', दोन्हींत ड च्या घरचा घोष ध्वनी.
भ्राता॑: आघात सुरुवातीला, त च्या आधी. गॉथिक 'ब्रोथर', थ तसाच.

हे आजच्या इंग्रजीत शोधायला गेलात तर फसाल. आज फादर आणि ब्रदर दोन्हींत द आहे, कारण जुन्या फॅडरमधला ड मध्य इंग्रजीच्या अखेरीस बदलला. जर्मनमध्ये फरक अजून ताजा आहे: फाटर, ब्रूडर. म्हणून आजच्या इंग्रजी रूपावर कधीच विसंबायचं नाही.

आता आपला शब्द. च॒क्रम्: च खाली रेघ, क्र वर काही नाही. आघात शेवटी, म्हणजे दुसऱ्या क्व च्या नंतर. व्हेर्नरप्रमाणे ह्व घोष होणार, *ग्व. या ग्व चा जर्मानिकमध्ये कधी ग उरतो, कधी व. ह्वेओगोल आणि ह्वेओवोल! व वालं रूप पुढे आकसून ह्वेओल झालं आणि आजचं व्हील त्याचं. मग ह्वेओह्ल? तिथे आघात पहिल्या अक्षरावर असला पाहिजे, आणि ग्रीक किक्लोसमध्ये तो तिथेच आहे. एकाच शब्दाच्या दोन आघातांच्या जोड्या मूळ भाषेतच होत्या. ग्रीकमध्ये त्याची एक खूण राहिली आहे, एकवचन पुल्लिंगी किक्लोस पण अनेकवचन नपुंसकलिंगी 'किक्ला' असंही होतं. बरेच अभ्यासक दोन आघातांचा उगम या 'एक चाक' आणि 'चाकांचा संच' अशा जोडीत शोधतात.

गाळून टाकावीशी वाटणारी चार स्पेलिंगं आणि ऋग्वेदातली एक आडवी रेघ एकमेकींना साक्ष देतात, ती अशी.


शब्दवेल्हाळ

मान्य, ती ओळ आळशीपणाची होती. मूळ लेखात बदल करत नाही, कारण तुमचा प्रतिसाद तिच्यापेक्षा चांगला आहे.

व्हेर्नरची आजच्या इंग्रजीत उरलेली पिल्लं: वॉज–वर, लूज–फॉर्लॉर्न. स घोष होऊन झ झाला, पुढे इंग्रजी-नॉर्सकडे त्याचा र. 'वॉज' चं अनेकवचन 'वर' का, याला इंग्रजी व्याकरणात उत्तर नाही. ते अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आघातात आहे.


आरे_आणि_धाव

एकटं चाक पाहून भागणार नाही, पूर्ण गाडी तपासा. शब्द जोडगोळीने जुळले की शंका कमी होते. ऋग्वेदाच्या १.१६४.४८ मध्ये 'द्वादश प्रधयश्चक्रमेकं त्रीणि नभ्यानि' अशी ओळ आहे. प्रधी म्हणजे चाकाच्या परिघाचे तुकडे, नभ्य म्हणजे मधला तुंबा.

तुंबा: नाभी, नभ्य. जुनं इंग्रजी 'नाफु', आज नेव्ह.
आस: अक्ष. जुनं इंग्रजी 'एआक्स', आज अॅक्सल. आपला आस क्ष चा स होऊन आलाय, कुक्षी–कूस प्रमाणे.
जू: युग. जुनं इंग्रजी रूप आजच्या 'योक' सारखंच, गॉथिक 'युक', लॅटिन 'युगुम'. ग चा क, ग्रिमच्या नियमाबरहुकूम. आपल्याकडे य चा ज, योगी–जोगी प्रमाणे.

न जुळणारेही सांगतो: आरा आणि स्पोक यांचा संबंध नाही, प्रधी आणि फेलो (परिघाच्या तुकड्याचा इंग्रजी शब्द) यांचाही नाही. स्पोक हा स्पाइकच्या जवळचा. एका गाडीचे सगळेच शब्द जुळले असते तर उलट संशय आला असता.


तिरकी_रेघ

एआक्स वरून अॅक्सल सरळ आला असं वाचकाला वाटेल, ते बरोबर नाही. एआक्स मध्ये ल कुठाय? ल आहे नॉर्समध्ये, 'ओक्सुल'. मध्य इंग्रजीत हा शब्द आधी 'अॅक्सलट्री' असा जोडून येतो, तो नॉर्स 'ओक्सुल्त्रे' चा अवतार. घरचा 'अॅक्स' मागे पडला. आणि कोशात शोधताना एक गंमत: ल असलेलं 'एआक्सल' जुन्या इंग्रजीत सापडतं, पण अर्थ खांदा! नातं आहे, पण गाडीचा आस तो नव्हे. रूप जुळलं म्हणून अर्थ न वाचता पुढे गेलात की खांद्यावर चाक बसवाल.

नॉर्स की घरचा, याच्या ढोबळ कसोट्या: स्क टिकलेला दिसला तर बहुधा नॉर्स, श झालेला असेल तर घरचा. स्कर्ट–शर्ट हे दोघे मूळचे एकच. तसंच क–च, कर्क आणि चर्च.

दुसरी गोष्ट. शब्दाचं वय आणि वस्तूचं वय यांची सांगड घालताना जपून. पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मडक्यावर चारचाकीसारखं चित्र आहे, साधारण इ.स.पू. ३५०० ते ३३५० मधलं. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत लाकडी चाक आणि आस सापडले, सुमारे इ.स.पू. ३१५०. चाकच नव्हतं तेव्हा चाकाला शब्द नसणार, म्हणून *क्वेक्वलोस बोलणारे लोक चाकाच्या शोधानंतरही एकत्र होते, असा युक्तिवाद केला जातो. वजनदार आहे. पण एकट्या या शब्दावर तो उभा राहत नाही, कारण 'फिरणारं ते' असा शब्द दोन शाखा स्वतंत्रपणेही घडवू शकतात. लिथुएनियनमध्ये 'काक्लास' म्हणजे मान! तीही फिरतेच. बळ येतं ते आस, जू, वह् आणि ईषा (गाडीची दांडी) एकत्र जुळतात म्हणून. आणि हित्तीमध्ये (आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा) चाकाला 'हुर्की' हा निराळाच शब्द आहे, ईषा मात्र 'हिश्शा' म्हणून तिथेही आहे. ही शाखा सगळ्यांत आधी फुटली असं मानणाऱ्यांना हे सोयीचं पडतं.


खडीसाखर

अवांतर: व्हील आणि आपलं 'वळणे', किंवा व्हील आणि 'व्हर्ल' (गिरकी)? अर्थही बसतो.


पाणिनीचा_शेजारी

अर्थ बसतो म्हणूनच घात होतो. फिरण्याला जगातल्या कुठल्याही भाषेत पाचपंचवीस शब्द असतात, त्यातले दोनचार एकमेकांसारखे निघणारच.

वळणे मधला व साधा व आहे. साध्या व समोर जर्मानिकमध्ये साधा व येतो: विधवा–विडो, वह्–वे. व्हीलच्या जुन्या रूपात ह्व आहे, म्हणून नाही. आजच्या उच्चारात ह पडल्याने दोन्ही एकसारखे वाटतात, जुन्या स्पेलिंगने ते वेगळे होतात. वळणे चं गोत्र *वेल्, त्यात लॅटिन 'व्होल्व्हो', म्हणजे 'मी गडगडत फिरतो'. स्वीडनच्या मोटार कंपनीचं नाव तेच. आधी १९१५ मध्ये ते बॉलबेअरिंगसाठी नोंदवलं होतं. स्वीडिश माणूस गाडीला वळणे म्हणतो आणि तिच्या चाकाला चक्र. इंग्रजीत याच घरातला 'वॉलो', म्हशीने डबक्यात लोळायचा तो.

व्हर्ल मध्ये ह्व आहे खरा, पण पुढे र आणि मुळात फ किंवा ब. नॉर्स 'ह्विर्फ्ला' वरून तो आलाय. पहिलं अक्षर जुळलं आणि बाकीचं उरलं, तर ते उरलेलं कुठून आलं हे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर जोडी सोडायची.


नुसताच_वाचक

सरावासाठी स्वतः एक करून पाहिलं, चुका काढा. नेव्ह आणि नाभी.

मूळ भ, ग्रिमने ब. जुन्या इंग्रजीत नाफु, त्यात फ. इथे अडलो. ब हवा होता, फ कसा? फ तर प पासून येतो ना?


उत्तररात्र

बरोबर जागी अडलात. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये फ लिहिलेलं असलं तरी उच्चार व्ह असे. त्यांच्याकडे व्ह ला वेगळं अक्षर नव्हतं. जर्मानिकमधला तो ब स्वरांमध्ये मुळातच सैल, ओठ पुरते न मिटता काढलेला होता, तोच व्ह झाला. म्हणजे *नाबो, मग नाफु (उच्चार नाव्हु), मग नेव्ह. जर्मनकडे पाहा, तिथे चाकाच्या तुंब्याला 'नाबे' म्हणतात, ब जागच्या जागी. लिहिलेलं अक्षर आणि उच्चार यांत गल्लत झाली की शेजारच्या बहिणीला विचारायचं.

नेव्हल, म्हणजे बेंबी, ही नेव्हचीच धाकटी. 'एल' हा लहानपणाचा प्रत्यय. संस्कृतात नाभी एकटीच दोन्ही कामं करते.


तिरकी_रेघ

आणि कोशात नेव्ह शोधलात तर दोन नोंदी दिसतील, स्पेलिंग तंतोतंत तेच. दुसरा नेव्ह म्हणजे चर्चचा मधला लांब सोपा. तो लॅटिन 'नाविस' वरून आलाय, अर्थ जहाज. आपला भाऊ तिथेही आहेच, पण नाभी नव्हे, नौ. लॅटिनमधून उसना असल्यामुळे ग्रिमचा नियम लावायला जाऊ नका. नोंद क्रमांक एक की दोन, हे आधी बघा.